चौदाशे चाळीस मिनिटं

त्यांना सगळे कालवाले म्हणत. खरं नाव होतं, चांगलं होतं, कार्यालयाच्या हजेरीपटावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, पण जो माणूस सव्वीस वर्षं लोकांच्या दारात उभा राहून "काल काय काय केलंत?" एवढंच विचारतो, त्याला दुसरं काय म्हणणार? दार उघडणाऱ्याला आधी वाटायचं, कसली तरी चौकशी आली. चेहरा उतरायचा. मग कालवाले पिशवीतून कागद आणि पेन्सिल काढून म्हणायचे, "घाबरू नका, तुम्ही काही केलेलं नाही. आणि केलं असेल, तरी मला फक्त किती वेळ केलं तेवढंच लिहायचंय." यावर माणूस हसला की निम्मं काम झालं.

काम सरकारी होतं. देशातली माणसं चोवीस तासांत काय करतात त्याची पाहणी. एका कागदावर अठ्ठेचाळीस ओळी, अर्ध्या अर्ध्या तासाची एक. दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा आणि दुसऱ्या पहाटे चारला संपायचा, कारण त्या वेळी सगळ्यात कमी माणसं काही करत असतात. सोबत एक पुस्तिका. तिच्यात माणसानं करायच्या एकशे चौसष्ट कामांना एकेक क्रमांक दिलेला. झोपणं, दात घासणं, मासे पकडणं, शेजाऱ्याशी भांडणं, सगळ्याला क्रमांक. शेवटी मिनिटांची बेरीज चौदाशे चाळीस आली पाहिजे, एक कमी नाही की एक जास्त नाही. मंत्री असो की रस्ता झाडणारा, प्रत्येकाला रोज तेवढीच मिळतात. यात काही विशेष नाही, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण कालवाल्यांना सव्वीस वर्षांनंतरही याचं नवल वाटत असे.

नवल वाटणं हा त्यांचा स्वभावच होता, खोड म्हणा हवं तर. बायको म्हणायची, "भाजीवाल्यानं टोमॅटो तोलले तरी हे आ वासून बघत बसतात." पण खरं सांगायचं तर नवल करण्यासारखं त्यांनी ऐकलंही भरपूर होतं. खाणीतला एक पाथरवट सुट्टीच्या दिवशी बायकामुलांना घेऊन फिरायला कुठे गेला, तर खाण बघायला. शाळेची घंटा वाजवणारी एक बाई निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी घरात एकटीच दर पस्तीस मिनिटांनी हातातलं काम बदलायची. नवरे छातीठोकपणे सांगत की घरकामात पन्नास मिनिटं मदत केली. त्यांच्याच बायका त्याच दिवसाबद्दल बारा मिनिटं सांगत. नियमाप्रमाणे दोघांचंही खरं मानून लिहायचं असे. कालवाले तसं लिहीत, फक्त एकाचा कागद दुसऱ्याच्या हाती लागू देत नसत. सकाळी पावणेसात ते सव्वासात या वेळात देशातला दर तिसरा माणूस काहीतरी शोधत असतो, हे त्यांच्याच पाहणीतून निघालं होतं. किल्ली, चष्मा, दुसरा मोजा.

आणि वाट बघणं. बसची, डॉक्टरची, खिडकी उघडण्याची, पोराच्या फोनची. माणशी रोज एक्केचाळीस मिनिटं. एकदा घरी येताना त्यांनी बसच्या तिकिटामागे गुणाकार करून पाहिला. देश तीन कोटींचा. तीन कोटी माणसांची रोजची वाट एकापुढे एक ठेवली तर दोन हजार तीनशे वर्षं होत होती. रोज! सकाळी उठून रात्री झोपेपर्यंत हा देश दोन हजार तीनशे वर्षं वाट बघतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्यानं सुरुवात करतो. कालवाल्यांचा उतरायचा थांबा मागे राहिला तो यामुळेच.

आता तीन कोटींना काही कोणी विचारत बसत नाही. चिठ्ठ्या टाकून सातशे घरं निवडायची आणि त्या सातशेंवरून देश ओळखायचा. म्हणजे एका घरामागे साधारण अकरा हजार घरं. हा हिशेब नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवला जातो, आणि बाकीचे लोक तो परीक्षेपुरता ध्यानात ठेवून विसरतात. कालवाले विसरले नाहीत. दार ठोठावताना त्यांच्या मनात असायचं, आपण अकरा हजार दारं ठोठावतोय. म्हणून ते एकदाच ठोठावत, आणि हळू.

सव्वीस वर्षांत त्यांचा एकही कागद चुकला म्हणून परत आला नव्हता. सगळ्या कार्यालयात अशी दुसरी व्यक्ती नव्हती. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते, आणि निष्कलंक नोकरीचं एक प्रमाणपत्र, ज्याला बाजारात पावाची लादीही कोणी देणार नाही, ते मिळावं अशी त्यांची फार इच्छा होती. भिंतीवर त्याची जागासुद्धा ठरली होती. माणसाला कशाचा मोह पडेल ते सांगता येत नाही.

शेवटच्या फेरीतलं एकोणचाळिसावं घर जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. दारावरच्या घंटीच्या जागी दोन वायरी बाहेर आल्या होत्या आणि खाली कागद चिकटवला होता: दार हळू वाजवा. आपल्याला शोभेल असं दार मिळालं म्हणून कालवाले खूश झाले.

दार उघडणारी बाई पन्नाशीची होती. खांद्यावर मोजपट्टी, एका हातात कुणाची तरी पँट. ती घरीच शिवणकाम करायची, म्हणजे दुसऱ्यांचे कपडे आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं जोडणं. आतल्या खोलीत तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता. बंदरावर क्रेन चालवायचा. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही जवळजवळ गेलं.

"बसा," ती म्हणाली. "मी शिवत शिवत सांगितलं तर चालेल ना? संध्याकाळी ही पँट न्यायला येणार आहेत."

"चालेल की ताई. तुमचा वेळ, तुमची मर्जी."

ती सांगू लागली, कालवाले लिहू लागले. पहाटे चारला नवऱ्याची कूस बदलली. पुन्हा झोप. सहाला उठणं, पाणी तापवणं, त्याला पुसून घेणं, कपडे बदलणं, चमच्यानं भरवणं. मग शिवण. मग स्वयंपाक. तिचं मशीन पायाचं होतं, आणि ते बिघडलेलं असावं असं कालवाल्यांना वाटलं, कारण वीतभर टाके घातले की थांबायचं. क्षणभर शांत, पुन्हा वीतभर, पुन्हा शांत. बिचारीला दुरुस्तीला वेळ मिळत नसेल, असं त्यांच्या मनात आलं.

तासाभरात अठ्ठेचाळीस ओळी भरल्या. शिवण सहा तास, स्वयंपाक आणि घरकाम साडेपाच, शुश्रूषा तीन, झोप साडेसहा, बाकी किरकोळ. बेरीज चौदाशे चाळीस. लिहिलेलं सांगणाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायचं, अशी पाहणीतली पद्धत. कालवाल्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं आणि विचारलं, "बरोबर आहे?"

"बरोबर आहे," ती म्हणाली. मग जरा हसली. "पण हे वाचून कुणालाही वाटेल, बाई बरी आरामात आहे."

"का? काही राहिलं का?"

"ऐकणं राहिलं."

"काय ऐकणं? रेडिओ?"

"रेडिओ कसला! तो देऊन टाकला. ह्यांना ऐकणं." तिनं मानेनंच आतली खोली दाखवली. "त्यांच्या घशात थुंकी अडकते. खोकून काढायची ताकद नाही. अडकली की श्वासाचा आवाज बदलतो, अगदी बारीक. तेवढ्यात जाऊन कुशीवर वळवलं तर ठीक. नाहीतर मग..." तिनं वाक्य सोडून दिलं आणि मशीन चालवलं. वीतभर. मग थांबलं.

कालवाल्यांना तेव्हा कळलं. मशीन धडधाकट होतं. बाई ऐकायला थांबत होती.

मग त्यांनी विचारत विचारत सगळं काढून घेतलं, आणि जसजसं ऐकत गेले तसतशी त्यांची पेन्सिल हळू होत गेली. दाराची घंटी तिनं याच्यासाठीच काढली होती. मिक्सर वापरत नव्हती, वाटण पाट्यावर. कुकर शेजारणीला दिला, शिट्टीत दुसरं काही ऐकू येत नाही म्हणून. अंघोळीला नळाची धार करंगळीएवढी. पावसाचे दिवस आले की पलंगाशीच बसून शिवायची. उजव्या कानानं तिला जरा कमी ऐकू यायचं, म्हणून तीन वर्षं ती उजव्याच कुशीवर झोपत होती, चांगला कान वर ठेवून.

"म्हणजे झोपेतसुद्धा?" कालवाल्यांनी विचारलं.

"झोपेतच तर जास्त. जागेपणी निदान उठून बघता येतं."

"मग किती वेळ लिहू, ताई?"

तिनं या प्रश्नाचा खरंच विचार केला. मशीनच्या चाकावर हात ठेवून गेला दिवस आठवून पाहिला, कुठे सुट्टी सापडते का म्हणून. "मधे सुटलेलं काही आठवत नाही हो," ती ओशाळून म्हणाली. "चार ते चार लिहा."

डोळ्यांत तेल घालून बसावं असं आपण सहज बोलून जातो. ही बाई तीन वर्षं कानांनी तेच करत होती, आणि सरकारच्या एकशे चौसष्ट कामांत त्याला क्रमांक नव्हता. कालवाल्यांनी कागदाच्या समासात, प्रत्येक ओळीसमोर, बारीक अक्षरात लिहायला घेतलं: ऐकणे. अठ्ठेचाळीस वेळा. मोठमोठे पूल, धरणं, बंदरातल्या त्या क्रेन बघून माणसं थक्क होतात. कालवाले तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईच्या कानानं थक्क झाले होते. आणि अशी अकरा हजार घरं!

कार्यालयातल्या संगणकाला मात्र थक्क होता येत नाही. त्यानं कागद तांबडी रेघ मारून बाहेर टाकला. बेरीज दोन हजार आठशे ऐंशी.

तपासणीच्या मॅडम नव्या होत्या, हुशार होत्या, आणि कालवाल्यांच्या मुलीच्या वयाच्या होत्या. वाईट अजिबात नव्हत्या. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. इथं तीही सोय नव्हती.

"काका, तुमचा कागद?" त्यांचा विश्वासच बसेना. "बाईंचा दिवस अठ्ठेचाळीस तासांचा?"

"मॅडम, तिचा तेवढाच आहे."

"अहो, एका वेळी एकच काम लिहायचं. तुम्हीच नव्या लोकांना शिकवता ना? समासातलं खोडून टाका, बेरीज जुळेल. शुक्रवारी संध्याकाळी सगळं वर जायचंय."

"आणि नाही खोडलं तर?"

"तर कागद बाद. सातशेत थोडेफार बाद होतातच, चालतं."

"आणि तिच्यामागची अकरा हजार घरं?"

"ती बाकीच्या घरांमध्ये वाटून टाकतो. तशी पद्धत आहे." मग मॅडमनी आवाज मऊ केला. "काका, महिनाअखेर जवळ आलीय. उगाच एक डाग कशाला लावून घेता?"

बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. पण कालवाल्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक होती. ज्या घरांत दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शुश्रूषा चालते, ती घरं किती आहेत हे याच पाहणीतून मोजलं जायचं, आणि त्यावरून घरोघरी जाणाऱ्या परिचारिका किती नेमायच्या ते ठरायचं. समास पुसला की बाईच्या नावावर राहणार होते तीन तास. म्हणजे सरकारच्या दृष्टीनं त्या घराला मदतीची गरजच नव्हती. आणि अकरा हजार घरांनाही नव्हती.

एवढं कळूनही कालवाल्यांनी त्या दुपारी खोडरबर हातात घेतलं, हे लपवून काय उपयोग? भिंतीवरची जागा डोळ्यांसमोर होती. त्यांनी पहिली ओळ पुसली. चार ते साडेचार, ऐकणे. दुसरी पुसली. सहा ओळी पुसून झाल्यावर त्यांना लाज वाटली. सातच्या सुमाराला ती नवऱ्याला भरवते, एकेक चमचा झाला की थांबून ऐकते, आणि आपण टेबलाशी बसून ते ऐकणंच पुसतोय. त्यांनी रबर खणात टाकलं. पुसलेल्या सहा ओळी पुन्हा लिहिल्या, पहिल्यापेक्षा जरा दाबून.

संध्याकाळी जेवताना त्यांनी सगळं बायकोला सांगितलं. बायको भांडी आवरता आवरता ऐकत होती.

"अहो, मग कागदावर कशाला भांडत बसलात?" ती म्हणाली. "त्या मॅडमना उचला आणि तिथं नेऊन बसवा."

"मॅडमना उचला! टोपली आहे का ती?"

"शंका आली तर पुन्हा जाऊन विचारायचं, असा तुमचा नियम आहे ना? तुम्हीच तर झोपेत बडबडता ते नियम. मग शंका त्यांना आलीय, त्यांनी जावं."

सव्वीस वर्षं देशाला प्रश्न विचारून कालवाले घरी येत, आणि उत्तर बहुतेक वेळा स्वयंपाकघरातच मिळत असे. त्यांनी मुकाट्यानं ताट उचलून धुवायला घेतलं. तेवढ्यावर त्यांचीही पन्नास मिनिटं झाली असती म्हणा.

शुक्रवारी सकाळी मॅडम आल्या. कुरकुरत आल्या, पण आल्या. बाईनं दोघांना बसायला दिलं आणि चेन लावायचं काम पुढे चालू ठेवलं. मॅडमनी पुन्हा पहिल्यापासून विचारायला घेतलं, एकेक ओळ, वकिलासारखं. बाई न चिडता उत्तरं देत होती, आणि मशीन वीतभर चालून थांबत होतं.

"ताई, तुम्ही म्हणता चोवीस तास," मॅडम म्हणाल्या. "पण आता तुम्ही माझ्याशी बोलताय. माझं ऐकताय. म्हणजे या वेळात तरी..."

बाई उठून आत गेली होती. वाक्य हवेतच राहिलं. मॅडमनी कालवाल्यांकडे बघितलं. कालवाल्यांनी मान हलवली. दोघांनीही काहीच ऐकलं नव्हतं. खिडकीखाली रस्ता वाहत होता, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढत होतं, आणि त्या सगळ्यातून या बाईला काय ऐकू आलं ते तिचं तिलाच ठाऊक. मॅडम दारापर्यंत गेल्या. बाईनं नवऱ्याला कुशीवर घेतलं होतं, दोन बोटांत कापड गुंडाळून त्याच्या तोंडातून काहीतरी काढत होती, आणि त्या माणसाचा निळसर चेहरा हळूहळू माणसाचा होत होता.

ती हात धुऊन येऊन बसली. "हं, काय म्हणत होतात?" तिनं विचारलं.

मॅडमनी पाणी मागून घेतलं, प्यायल्या. पण जिद्दी होत्या. घाई केली तर पाहणी कशाला म्हणायची?

"ताई, माझा विश्वास बसला," त्या म्हणाल्या. "पण कागदाला दिवस चोवीस तासांचाच लागतो. दोन कामं एका वेळी चालत असतील तर मुख्य कोणतं ते सांगायचं. आणि ते मी ठरवत नाही, काकाही ठरवत नाहीत. ज्याचा दिवस त्यानं ठरवायचं, असा नियम आहे. तर शिवताना मुख्य काम काय? शिवण ना?"

हे बोलताना त्यांना वाटलं असणार की वाट निघाली. शिवताना शिवण, रांधताना स्वयंपाक. बेरीज जुळली, कोणाचं वाईट झालं नाही. कालवाल्यांनाही तसंच वाटलं, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

बाईनं मांडीवरची चेन लावलेली पँट बघितली. "शिवण चुकली तर उसवता येते," ती म्हणाली. "शिवण मुख्य कशी असेल? काढा ती."

"काढू?"

"काढा. स्वयंपाक पण काढा. एखाद्या दिवशी शेजारीण देते, तरी चालतं."

"आणि त्यांना भरवणं, पुसणं?"

"ते परवा माझा भाऊ आला होता, त्यानंही केलं. त्याला ऐकायला बसवलं नाही."

"झोप तरी राहू दे, ताई. माणूस झोपतोच."

"झोपते ना. साडेसहा तास झोपते, खोटं कशाला बोलू? पण तुम्ही मुख्य काय ते विचारलंत."

मॅडमनी कागदाकडे बघितलं, मग कालवाल्यांकडे. कालवाले खिडकीतून बाहेर बघत होते, कारण डोळ्यांना जे झालं होतं ते मॅडमना दिसायला नको होतं. मॅडमनी कोरा कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एक उभा कंस काढला. क्रमांक कोणता घालावा म्हणून पुस्तिका चाळली. शुश्रूषेच्या पानावर सगळ्यात खाली 'इतर' होतं. तोच क्रमांक घातला. मग बेरीज केली, सवयीनं दोनदा. चौदाशे चाळीस. खाली स्वतःची सही केली. कालवाल्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं आणि प्रमाणपत्राचा त्यांना विसरही पडला.

"वाचून दाखवायचं असतं," त्यांनी मॅडमना हळूच सांगितलं.

मॅडमनी मोठ्यानं वाचलं. "पहाटे चार ते पहाटे चार. ऐकणे." वाचायला एवढंच होतं. बाई म्हणाली, "आता बरोबर आहे."

तेवढ्यात आतून आवाज आला. घशातून ओढून काढल्यासारखा, तुटका, पण शब्दच. "मी... पण."

तिघंही आत गेली. नवरा डोळे उघडे ठेवून पडला होता. पहिल्या भेटीत त्याचा कागद 'उत्तर देता येत नाही' म्हणून कोराच जोडला गेला होता. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. कालवाले पलंगाशी वाकले. "दादा, तुम्हीपण काय?"

"ऐकतो."

"काय ऐकता?"

त्यानं डावा हात उचलून बाहेर दाखवलं. "म...शीन." मग बराच वेळ दम घेतला. कोणी घाई केली नाही. कालवाल्यांनी सव्वीस वर्षांत हजारो माणसांची उत्तरं थांबून ऐकली होती, पण एवढं थांबून कुणाचंच नाही. "मशीन थांबलं... की मी... श्वास... जोरात घेतो." पुन्हा दम. "तिला... ऐकू यावा. मग ती... शिवते."

बाई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. "रोज?" तिनं विचारलं.

त्यानं डोळे मिटून उघडले.

"मला वाटायचं तुमचा श्वासच तसा आहे," ती म्हणाली आणि खाली बसली.

मग मॅडमनी पिशवीतून आणखी एक कागद काढला, पलंगाच्या कडेवर ठेवला आणि त्या माणसाला विचारलं, "काका, किती वाजल्यापासून लिहू?"